कुंकवाखालची गाठ

१४ मार्च ८२, रविवार

भिवापूरहून मिरची आली. इंदूच्या भावाने दरवर्षीप्रमाणे पोतं पाठवलं. सकाळपासून गच्चीवर पसरली आहे आणि अख्खं घर खोकतंय. मी रंगपेटी घेऊन वर जाऊन बसलो. जन्मभर पोरांना चित्रकला शिकवली, रिटायर होऊनही दहा वर्षं झाली, पण बायकोच्या माहेरच्या मिरचीचा लाल अजून जमत नाही. इं. म्हणाली, "खाता येते ना? मंग झालं."

तिला कुंकू लावताना बोटाला काहीतरी लागतं म्हणे. दुखत नाही. मिरचीचा हात लागून पुटकुळी आली असेल.

२६ मार्च, गुढीपाडवा

गुढी मीच उभारली. खांदा दुखतो, पण सांगितलं नाही. नाहीतर शेजारच्या पोराला बोलावते आणि माझी अब्रू जाते.

इं.चं कुंकू आज रुपयाएवढं. आणि नेहमीसारखं वाकडं. मी म्हटलं, कंपास देऊ का? ही थट्टा लग्न झाल्यापासूनची आहे. ड्रॉइंग मास्तरची बायको आणि कपाळावर कधी गोल वर्तुळ नाही. ती म्हणाली, "मेण बसत नाई जी आजकाल. घसरते." म्हणून जास्त लावते.

२ एप्रिल

माझं ब्लडप्रेशर दाखवायला डॉ. ठोंबऱ्यांकडे गेलो. इं.लाही नेलं. त्यांनी टेबलापलीकडूनच पाहिलं. "उष्णता आहे वहिनी. आजकालच्या कुंकवात काय घालतात देव जाणे. कुंकू बदला." मलम दिलं, कुंकवाच्या कडेकडेने लावायचं. त्या मलमाने कडा तेवढी चकचकीत झाली. आत काय आहे ते कुंकवालाच ठाऊक.

घरी येऊन तिचा कुंकवाचा करंडा रिकामा केला आणि पुडा गटारात टाकला.  ते कुंकू तिच्या आईच्या गावच्या दुकानातलं होतं.

११ एप्रिल, रविवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

शेजारी सुलभाताईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. इं. अर्ध्यातून परत आली, कपाळावर पदर धरून. सुलभाताईंनी कुंकू लावलं तर बोटाला कडक लागलं, "हे काय वं इंदूताई, खडा बसला का?" म्हणाल्या, आणि जरा दाबलं तर रक्त आलं.

मी म्हटलं, बघू. नाही म्हणाली. पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. मग मी ओरडलो, "पूस ते!"

हा शब्द या घरात कधी उच्चारला नव्हता. ती माझ्याकडे पाहत राहिली. "तुम्ही समोर उभे हाय आन् मले पूस म्हनता?" मग खाली बसली. "माह्या मायचं कपाळ लोकायनं पुसलं होतं. मी नऊ वर्षांची होती. पाहून राहिली होती दारातून. मी नाई पुसत."

शेवटी तीच म्हणाली, "तुम्हीच काढा मंग. तुम्ही काढलं तं चालते."

खोबरेल आणि कापूस घेतला. मेण सुटेना. हळूहळू सगळं निघालं. आतून बोराएवढी गाठ. तुळतुळीत, ताणलेली, वर बारीक शिरा. आणि रंग. तो कुंकवाचा लाल नव्हता. क्रिमसनमध्ये थोडा जांभळा गेला की जो होतो तो. मी इतकी वर्षं त्या कपाळाकडे पाहतो आहे. वरून लाल म्हणून आतलाही लाल समजलो.

तिचं कपाळ उजेडात असं उघडं मी पहिल्यांदाच पाहिलं. फार लहान दिसत होती.

१३ एप्रिल

डॉ. ठोंबरे. या वेळी कपाळ उघडं करून नेलं, रस्ताभर पदर पुढे ओढून. त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, हे केव्हापासून?" ती म्हणाली, मिरचीच्या आधीपासून, संक्रांतीला तुरीच्या दाण्याएवढं होतं. मला हे आजच कळतंय. डॉक्टर मला बाहेर घेऊन आले. म्हणाले, "मास्तर, मी त्या दिवशी पाहायला हवं होतं. कुंकू काढा असं वहिनींना म्हणायला जीभ रेटली नाही हो." त्यांच्यावर रागवावं म्हटलं तर माझी तरी कुठे रेटली होती.

मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. "उशीर करू नका."

२० एप्रिल

गाठ काढली. तासाभरात बाहेर आणली. शुद्धीवर होती.

आत नेण्याआधी नर्सने बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढायला लावलं. ते माझ्या रुमालात बांधून दिलं. तो रुमाल घेऊन बाकावर बसलो होतो. खिशात घालवेना, हातात धरवेना.

दुपारी डबा घेऊन वॉर्डात गेलो तर शेजारच्या खाटेवरची बाई इं.ला विचारत होती, "किती वर्सं झाले वं माय त्यायले जाऊन?" मी म्हटलं, "अजून जायचंय, बाई. आधी वांग्याची भाजी खाऊ द्या." ती बिचारी पदरात तोंड लपवून बसली. इं. हसली. टाके ओढले म्हणून लगेच थांबली.

२९ एप्रिल

रिपोर्ट आला आणि काहीच कळलं नाही. कॅन्सर आहे. पण कोणता ते पक्कं सांगत नाहीत. सर्जनसाहेब म्हणाले, लिम्फच्या गाठींचा, म्हणजे गळ्यात-काखेत असतात त्या गाठींचा असेल, नाहीतर शरीरात दुसरीकडे कुठे तरी आहे आणि तिथून कपाळावर आलाय. बहुतेक फुप्फुसातून. आता छातीचा फोटो. इं. आयुष्यात कधी खोकली नाही, मिरची सोडून.

मुलगी शोभा वर्ध्याहून आली. मी तिला सांगितलं. आईला सांगू नका म्हणते. जिच्या कपाळावर आहे तिला सोडून सगळ्यांना सांगायचं, ही आमच्या घरची नवी रीत. मी ऐकणार नाही.

३० एप्रिल

सांगितलं. तिने विचारलं, "कुंकवानं झालं का जी?" एवढंच. मी म्हटलं, माहीत नाही.

७ मे

छाती स्वच्छ. पोट स्वच्छ. रक्त ठीक. ज्या बातमीने माणूस पेढे वाटेल त्या बातमीने डॉक्टर जास्तच गोंधळलेले.

पॅथॉलॉजीत डॉ. नागदेवे म्हणून तरुण बाई आहेत. त्यांनी मला आत बोलावलं. इथल्याच, इंदोरा वस्तीतल्या. वडील मिलमध्ये होते म्हणाल्या. "सर, मी असं आधी प्रत्यक्ष पाह्यलं नाही. पुस्तकात एक चित्र आहे, तेही काळंपांढरं." मग सूक्ष्मदर्शकात पाहायला दिलं.

निळं. सगळं निळं. गोल गोल पेशी, एकीसारखी दुसरी, ओळीने आणि घोसाने, अगदी दाटीवाटीने. "यायले चेहरा नसतो सर, हीच अडचण आहे. तीन-चार वेगवेगळे आजार असेच दिसतात. म्हणून एकदम नाव घेता येत नाही." स्लाइड मुंबईला पाठवणार आहेत. तिकडे मोठं यंत्र आहे.

त्यांचा कॅमेरा बिघडलेला. मी चित्रकलेचा मास्तर हे कळल्यावर भीत भीत विचारलं, "सर, काढून द्याल का?"

उद्या रंगपेटी घेऊन जायचं आहे.

८ मे

काढलं. दोन तास एका डोळ्याने पाहत होतो. निळा हवा तसा जमला. पेशीच्या आतली ती बारीक भुकटी टाकल्यासारखी रचना, तीही जमली. डॉ. नागदेवे म्हणाल्या, पुस्तकापेक्षा छान आहे. मला क्षणभर आनंद झाला. मग आपण काय काढलं ते लक्षात आलं, आणि जिना उतरताना कठड्याला धरून उभा राहिलो.

इं.ने विचारलं, कसं दिसते? मी म्हटलं, निळं. "निळं हाय? मंग तं चांगलंच असन." तिच्या लेखी वाईट ते सगळं काळं.

३० मे

ऊन. कूलरचं पाणी दोनदा भरतो. मुंबईचं उत्तर नाही. जखम भरली. मध्ये पांढरी रेघ. इं.ने तिच्यावरच पुन्हा कुंकू लावायला सुरुवात केली, नव्या पुड्यातलं. मी म्हटलं, थोडं थांब. "किती थांबू? लोकं मले पाहून तुमच्याकडं पाहून राहिले." हे खरं आहे. परवा भाजीवाल्याने मला पाहून चक्क दचकल्यासारखं केलं.

११ जून

नाव मिळालं. ट्रॅबेक्युलर कार्सिनोमा. डॉ. नागदेवेंनी कागदावर लिहून दिलं, मी तीनदा वाचून पाठ केलं. आता याच्यासाठी निराळं नावही सुचवताहेत म्हणे परदेशात. ठेवा बापडे काय ठेवायचं ते.

त्यांनी सांगितलं ते असं. कातडीतच सुरू होतं. म्हातारपणी होतं, बहुधा तोंडावर, मानेवर, जिथे ऊन लागतं तिथे. दुखत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पण वाढतं भराभर. काढलं तर पुष्कळदा जवळच पुन्हा उगवतं. नाहीतर कानापुढच्या, गळ्याच्या गाठींत उतरतं. तिथून पुढे... इथे त्या थांबल्या.

इं.ला विचारलं, उन्हात खूप काम केलंय का? ती म्हणाली, "भिवापूरच्या पोरी का सावलीत वाढतात, मॅडम? मिरच्या कोन वाळवन?" मग तिने आपला प्रश्न विचारला, तोच. कुंकवाने झालं का? डॉ. नागदेवे म्हणाल्या, "नाही आजी. कुंकवानं नाही झालं. कुंकवानं फक्त झाकलं."

परतताना रिक्षात ती एकदम मोकळी वाटली. जसं काही बरंच झालं. मला त्या गटारात टाकलेल्या पुड्याची आठवण झाली. उगाच टाकला.

१८ जून

पांढऱ्या रेघेच्या डाव्या टोकाला मणी. ज्वारीएवढा. तोच रंग. मी पाहिला, तिने पाहिला, दोघं एकमेकांना सांगेनात. शेवटी चहा पिताना म्हणाली, "आला ना जी परत."

३ जुलै

गेल्या आठवड्यात दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी गाठीभोवतीचीही चांगली रुंद कातडी कापली. कपाळाचा मधला भाग गेला. मांडीची कातडी काढून वर लावली. आज पट्टी सुटली तेव्हा शोभा बाहेर निघून गेली. मी पाहिलं. चौकोनी ठिगळ, रंग अंगाशी जुळत नाही. माझ्या हातात असतं तर जुळवला असता.

आता कुंकू कुठे लावायचं, हा तिचा पहिला प्रश्न. ठिगळाला स्पर्श कळत नाही. "दुसऱ्याच्या कपाळाले लावल्यावानी वाटते."

१२ जुलै

कोबाल्टच्या किरणांचा शेक सुरू. शनिवार-रविवार सोडून रोज. यंत्राच्या खोलीत ती एकटी, आम्ही जाड दाराबाहेर. पहिल्या दिवशी घाबरली. आता आतून बाहेर आली की यंत्राच्या आवाजाची नक्कल करून दाखवते.

२८ जुलै

पुढचे केस गेले. उलट्या. जेवत नाही. वरणाचं पाणी देतो. मी केलेलं वरण, त्यामुळे न जेवण्याचं कारण नक्की तेच असावं.

४ ऑगस्ट

भांडलो. या वयात, या दिवसांत.

शेवटचे थोडे शेक राहिलेत. आज तयार होईना. पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "बस झालं जी. कपायावर कुंकू असताना जाईन. अहेव मरन कोनाच्या नशिबी असते? माह्या मायले नाई भेटलं. मले भेटून राहिलं, तं तुम्ही काहून आडवे येता?"

हे ती आनंदाने म्हणाली. तेच मला सहन झालं नाही.

मी म्हटलं, तू जाशील थाटात, हिरवी साडी, मळवट, बाया पाया पडतील. आणि मी? मला कोण विचारणार आहे? तुझ्या नशिबात मी येतच नाही का? नवऱ्याआधी जाणं हे तुझ्या मते तुझं भाग्य आणि मागे राहणं हे दुर्दैव, मग माझ्या वाट्याला काय उरलं? मोठमोठ्याने बोललो. बोलताना रडलो. सुलभाताईंना भिंतीपलीकडे ऐकू गेलं असणार. जाऊ दे.

 मग ती म्हणाली, "तुम्हाले चहा तरी करता येते का नीट?"

रिक्षा आणली. गेली आत.

१३ ऑगस्ट

शेक संपला. सर्जनसाहेब खूश आहेत. जागा स्वच्छ. पण आता पहारा. मला बोटांनी तपासायला शिकवलं. बोटाचं टोक नव्हे, पेर वापरायचं. आधी कानापुढे, मग जबड्याखाली, मग गळ्याच्या दोन्ही बाजूंनी खाली. हळू, गोल गोल. काही लागलं तर त्याच आठवड्यात यायचं. "मास्तर, तुमचा हात चित्रकाराचा आहे. तुम्हाला आमच्याआधी कळेल." ही स्तुती मला नको आहे.

२ सप्टेंबर

इं.ने आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. कुंकू हाताच्या अंदाजाने लावते ते कधी भुवईवर, कधी नाकावर. आज म्हटलं, दे इकडे, मी लावतो. म्हणाली, "शाळेतून काढलेले मास्तर!" पण हनुवटी पुढे केली.

दोन भुवयांच्या मधोमध, ठिगळाच्या जरा खाली, थोडी जागा तिची स्वतःची उरली आहे. तिथे लावलं. गोल.

१९ सप्टेंबर

आता रोजचं ठरलं आहे. आंघोळ झाली की ती खिडकीशी बसते. मी आधी तपासतो, मग कुंकू लावतो. गळ्यावरून बोटं फिरवतो तेव्हा म्हणते, "गया दाबून राहिले का जी?" रोज तीच थट्टा. रोज हसतो.

काही लागत नाही.

१० ऑक्टोबर

केस उगवताहेत, मऊ. जेवायला लागली. माझ्या वरणात मीठ कमी म्हणाली. लक्षण चांगलं.

भीत भीत लिहितो, चांगलं चाललंय.

२७ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला डॉ. नागदेवे घरी आल्या. वाटलं नव्हतं. म्हणाल्या, त्यांच्या घरी आजचा दिवस धम्मदीक्षेचा, त्याचं महत्त्व निराळं, तरी म्हटलं तुमच्याकडे जावं. माझं ते निळं चित्र त्यांनी विभागात चौकटीत लावलंय. मुलं त्यावर शिकतात. इं. म्हणाली, "माह्यं नाव लिहिलं का खाली?" डॉ. म्हणाल्या, नाव लिहीत नाहीत आजी. माझ्याकडे बोट केलं, "मंग यायचं?" नाही. "मंग कोनाचं हाय म्हन्तात पोरं?" इं.ने त्यांना तिखटाचा डबा बांधून दिला.

१६ नोव्हेंबर, दिवाळीतला पाडवा

पहाटे अभ्यंग. तिने मला पाटावर बसवून ओवाळलं. कपाळाला कुंकू, वर तांदूळ. हात अगदी स्थिर. मी ताटात नवी साडी घातली. हिरवीच मागितली होती तिने. मुद्दाम निळी आणली. हसली.

मग ती खिडकीशी बसली.

डाव्या कानापुढे, काही नाही. जबड्याखाली, नाही. गळा, दोन्ही बाजू, नाही. उजव्या कानापुढे...

तुरीच्या दाण्याएवढं. कडक. सरकत नाही. पुन्हा फिरवलं. आहे.

ती डोळे मिटून होती. गळा दाबून राहिले का, हे आज म्हणाली नाही.

"काय जी?"

"काही नाही. केस आला मध्ये."

करंडा घेतला, मेण घेतलं, कुंकू लावलं. वाकडं झालं. पुसून पुन्हा लावायची हिंमत झाली नाही. ती म्हणाली, आरसा द्या. इतक्या दिवसांनी. मी भिंतीकडचा आरसा उलटा करून हातात दिला. तिने ठिगळ पाहिलं, नवे केस पाहिले, बराच वेळ पाहिलं. मग कुंकू. "पाहा. तुमचंही वाकडंच निघालं ना शेवटी."

मी रांगोळीचे डबे आवरायला लागलो. आवरायचं काही नव्हतं.

"उद्या भाऊबीज हाय," ती म्हणाली. "भाऊ येईन भिवापूरहून. त्याले जेवू घालतो. परवा गुरुवार. दवाखान्यात जाऊ."

मी विचारलं, कशाला.

"तुमचा हात थांबला होता."

आणि उठून फोडणी द्यायला गेली. नवी साडी तशीच हातात. आतून म्हणाली, या इकडं, चहा कसा करतात ते पाहून ठेवा एकदा. मी गेलो नाही. मग गेलो.